‘शी’ म्हणजे कोण आणि ‘इट’ म्हणजे काय?

‘राहुल टोल्ड अमित दॅट ही हॅड पास्ड.’

व्याकरणाच्या कसोटीवर हे वाक्य बिनचूक आहे. काळ बरोबर, क्रियापद बरोबर, शब्दांचा क्रमही बरोबर. तरीही वाचणाऱ्याला जी एक गोष्ट हवी आहे तीच त्यातून मिळत नाही. पास झालं कोण? राहुल स्वतःची बातमी सांगतोय की अमितला त्याचा निकाल कळवतोय?

मराठीत हेच सांगताना असा पेच सहसा पडत नाही. ‘राहुल अमितला म्हणाला, की मी पास झालो’ किंवा ‘राहुल अमितला म्हणाला, की तू पास झालास.’ आपण ‘की’च्या पुढे बोलणाऱ्याचे शब्द बहुतेक वेळा जसेच्या तसे ठेवतो, त्यामुळे ‘मी’ आणि ‘तू’ आपापल्या जागी शाबूत राहतात. इंग्रजीच्या अप्रत्यक्ष कथनात मात्र ‘आय’चंही ‘ही’ होतं आणि ‘यू’चंही ‘ही’च होतं. दोन वेगळी माणसं एकाच शब्दात येऊन बसतात आणि त्यांना वेगळं करायची खूण वाक्यात उरत नाही.

सर्वनाम ज्या नामाच्या ऐवजी येतं, त्या नामाला इंग्रजी व्याकरणात अँटिसीडंट म्हणतात. इथे आपण त्याला सरळ ‘मूळ नाम’ म्हणू. शाळेत शिकवला जाणारा नियम असा: सर्वनाम लिंग, वचन आणि पुरुष या बाबतींत मूळ नामाशी जुळलं पाहिजे. नियम खरा आहे, पण तो अर्धाच आहे. वरच्या वाक्यात तो तंतोतंत पाळला गेलाय. राहुल पुल्लिंगी एकवचनी, अमितही पुल्लिंगी एकवचनी, आणि ‘ही’ दोघांशीही उत्तम जुळतो. गोंधळ होतो तो त्यामुळेच. नियमाचा दुसरा अर्धा भाग क्वचितच कुणी सांगतं: सर्वनामापासून मागे जाताना वाचकाला एकच नाम सापडलं पाहिजे. दोन सापडली तर वाक्य फसलं.

मराठीतून विचार करणाऱ्यांची इंग्रजी लिहिताना जी अडचण होते ती या दुसऱ्या भागात, असं माझं ठाम मत आहे. ‘नेहा’साठी ‘ही’ लिहिण्याची चूक फारसं कुणी करत नाही. पण दोन नावांच्या मागे एकच ‘शी’ ठेवून पुढे जाणारे खूप असतात, कारण मराठी आपल्यासाठी जे काम गुपचूप करून टाकते ते इंग्रजीही करेल असं आपण गृहीत धरतो.

मराठी नेमकं कोणतं काम करते ते एका वाक्यात दिसतं. ‘फुलदाणी काचेच्या टेबलावर पडली आणि ती फुटली.’ काय फुटलं? फुलदाणी. आता ‘फुलदाणी काचेच्या टेबलावर पडली आणि ते फुटलं.’ फुटलं टेबल. एवढ्याशा बदलाने घटना बदलली, कारण मराठीत निर्जीव वस्तूंनाही लिंग असतं आणि ते सर्वनामात उतरतं, क्रियापदातही उतरतं. सर्वनाम गाळून नुसतं ‘आणि फुटली’ म्हटलं तरी चालतं. क्रियापदाचा शेवटच फुलदाणीकडे बोट दाखवतो. इंग्रजीत हे दोन्ही प्रसंग एकाच वाक्यात मावतात: ‘द व्हाझ फेल ऑन द ग्लास टेबल अँड इट ब्रोक.’ ‘इट’ला फुलदाणी आणि टेबल सारखेच. ‘ब्रोक’ तर कर्ता पाहून बदलतच नाही. इंग्रजीत उपाय एकच, नाम पुन्हा लिहायचं: ‘अँड द टेबल ब्रोक.’

अर्थात मराठी दरवेळी वाचवते असंही नाही. ‘बाटलीतून नळी काढा आणि ती स्वच्छ करा’ यात बाटलीही ‘ती’ आणि नळीही ‘ती’. दोन्ही नामांचं लिंग एक झालं की आपलीही तीच गत होते. इंग्रजीत निर्जीव वस्तूंच्या बाबतीत ही गत रोजचीच, कारण तिथे जवळजवळ सगळ्याच वस्तू ‘इट’ असतात.

दुसरी सोय ‘आपला’ची. ‘रमेशने सुरेशला आपल्या गाडीची किल्ली दिली’ म्हटलं की गाडी रमेशची. ‘त्याच्या गाडीची किल्ली दिली’ म्हटलं की गाडी रमेशची नाही, बहुधा सुरेशची. ‘आपला’ हा शब्द वाक्याच्या कर्त्याला धरून राहतो. इंग्रजीत दोन्हींसाठी ‘हिज’: ‘रमेश गेव्ह सुरेश द की टु हिज कार.’ गाडी कुणाची हे वाक्य सांगतच नाही.

इंग्रजीकडे अशी सोय अजिबात नाही असं नाही, पण ती अर्धवट आहे. ‘राहुल ब्लेम्ड हिम’ या वाक्यातला ‘हिम’ राहुल असूच शकत नाही. राहुलने स्वतःलाच दोष दिला असेल तर ‘हिमसेल्फ’ म्हणावंच लागतं. इथे इंग्रजी अगदी काटेकोर आहे. पण ‘हिम’ला जसा ‘हिमसेल्फ’ आहे, तसा ‘हिज’ला जोडीदार प्रमाण इंग्रजीत नाही. ‘हिज ओन’ म्हणता येतं, पण ‘रमेश गेव्ह सुरेश द की टु हिज ओन कार’ म्हटल्यावरही ‘स्वतःची म्हणजे कुणाची’ ही शंका पुरती जात नाही. म्हणून मालकी दाखवणाऱ्या शब्दांपाशी, म्हणजे ‘हिज’, ‘हर’, ‘इट्स’ आणि ‘देअर’पाशी, सर्वात जास्त जपावं लागतं.

इथे एक युक्ती फार कामाची आहे आणि ती व्याकरणाच्या पुस्तकांत मिळायला हवी तितकी मिळत नाही. सर्वनाम येईपर्यंत वाक्यात एकच नाव येईल अशी रचना करायची. ‘रमेश हँडेड हिज कार की टु सुरेश.’ ‘हिज’पाशी पोचेपर्यंत वाचकाला फक्त रमेश भेटलाय, सुरेश अजून यायचाय. संशयाला जागाच नाही. गाडी सुरेशची असेल तर सुरेशलाच कर्ता करायचं: ‘सुरेश गॉट हिज कार की बॅक फ्रॉम रमेश.’ मजकूर तोच राहतो, फक्त माणसांचा क्रम बदलतो.

सुरुवातीच्या राहुल-अमितलाही असंच सोडवता येतं. सर्वात सोपा मार्ग आपल्या मराठी सवयीचाच आहे, म्हणजे प्रत्यक्ष कथन. ‘राहुल टोल्ड अमित, “यू हॅव पास्ड.”’ अवतरणचिन्हं वापरायची नसतील तर ‘राहुल गेव्ह अमित द न्यूज: अमित हॅड पास्ड.’ यात अमितचं नाव दोनदा आलं. येऊ द्या.

हे ‘येऊ द्या’ अनेकांना जड जातं. निबंधात एकच शब्द पुन्हा पुन्हा आला की लाल शाईने खूण होते, आणि तो धाक मोठेपणीही सुटत नाही. मग नाव टाळण्यासाठी ‘शी’, ‘इट’, ‘दे’ यांची रांग लागते. ज्यांचं लिखाण कुणीतरी वापरणार आहे, म्हणजे सूचना, करार, अहवाल, कामाची पत्रं, त्यांनी हा धाक मनातून काढून टाकावा. कायद्याचे मसुदे लिहिणारे लोक सर्वनाम टाळून ‘भाडेकरू’, ‘घरमालक’ हे शब्द प्रत्येक ओळीत पुन्हा लिहितात. ते रटाळ दिसतं, पण त्या रटाळपणामागे शतकांचा अनुभव आहे. एका ‘ही’चा अर्थ दोन बाजूंनी दोन तऱ्हेने लावला तर भांडण न्यायालयात जातं. साध्या लिखाणात इतकं टोक गाठायची गरज नाही. पण पुनरुक्ती आणि संदिग्धता यांतलं एक निवडायची वेळ आली, तर मी डोळे मिटून पुनरुक्ती निवडेन.

आता कुणी म्हणेल, वाचक मूर्ख नसतो, संदर्भावरून त्याला कळतं. हा मुद्दा खरा आहे आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. संगणकाला भाषा समजावी म्हणून काम करणाऱ्या टेरी विनोग्राड यांनी 1972 मध्ये एक वाक्य दिलं, ते या विषयात आजही उदाहरण म्हणून सांगितलं जातं. मराठीत ते साधारण असं: नगरसेवकांनी निदर्शकांना परवानगी नाकारली, कारण त्यांना हिंसाचाराची भीती होती. भीती कुणाला होती? नगरसेवकांना. आता शेवट बदला: कारण त्यांचा हिंसाचाराला पाठिंबा होता. पाठिंबा कुणाचा? निदर्शकांचा. इंग्रजीत दोन्ही वाक्यांत शब्द एकच, ‘दे’. फक्त ‘फिअर्ड’च्या जागी ‘अ‍ॅडव्होकेटेड’ येतं आणि ‘दे’ उडी मारून दुसऱ्या माणसांवर जाऊन बसतो. ही उडी व्याकरणाने घडत नाही. परवानगी कोण देतं, कोण मागतं, हिंसाचाराला कोण घाबरतं, हे जगाचं ज्ञान आपल्याकडे असतं म्हणून घडते. संगणकाकडे ते ज्ञान नव्हतं, त्यामुळे अशीच वाक्यं पुढे यंत्राच्या समजेची परीक्षा म्हणून वापरण्याची कल्पना संगणकतज्ज्ञ हेक्टर लेव्हेक यांनी 2011 मध्ये मांडली.

म्हणजे वाचक तीन गोष्टींच्या आधारे मूळ नाम शोधतो: जवळ कोणतं नाम आहे, वाक्याचा कर्ता कोण आहे, आणि अर्थाला काय पटतं. तिन्ही एकाच दिशेला असतील तर वाचक न अडखळता पुढे जातो. ती वेगवेगळ्या दिशांना ओढू लागली की तो थांबतो आणि ओळ पुन्हा वाचतो. सर्वात वाईट म्हणजे कधीकधी न थांबता चुकीचं नाम धरून तसाच पुढे जातो. शिवाय अर्थावर भिस्त ठेवायची तर वाचकाला विषयाची माहिती असायला हवी. औषध कसं द्यायचं हे पहिल्यांदाच वाचणाऱ्याला ‘इट’ म्हणजे काय हे ‘संदर्भावरून’ कळेल अशी अपेक्षा कशी ठेवायची? ज्याला आधीच माहीत आहे त्यालाच समजेल अशी सूचना लिहून उपयोग काय?

‘ही’ आणि ‘शी’पेक्षाही जास्त गडबड करणारे दोन शब्द म्हणजे ‘दिस’ आणि ‘विच’. ‘द कंपनी चेंज्ड द रूल्स विदाउट टेलिंग द स्टाफ. दिस कॉझ्ड प्रॉब्लेम्स.’ त्रास कशाने झाला? नियम बदलल्याने की न सांगितल्याने? यातला ‘दिस’ कोणत्याच एका नामाकडे जात नाही, तो आधीच्या अख्ख्या वाक्यावर पसरतो. उपाय अगदी छोटा आहे: ‘दिस’च्या पुढे एक नाम ठेवायचं. ‘दिस चेंज’ किंवा ‘दिस सायलेन्स’. ते नाम निवडताना आपल्याला नक्की काय म्हणायचंय याचा निर्णय घ्यावाच लागतो. कित्येकदा ‘दिस’ एकटा राहतो, कारण तो निर्णय लिहिणाऱ्याने घेतलेलाच नसतो.

‘विच’चंही तसंच. ‘शी लॉस्ट द फाइल, विच वॉज अनफॉर्च्युनेट.’ इथे फाइल दुर्दैवी नाही, ती हरवणं दुर्दैवी आहे. बोलताना असं सर्रास चालतं, लिहितानाही अर्थ स्पष्ट असेल तर चालतं. पण ‘ही आस्क्ड फॉर अ कॉपी ऑफ द लेटर, विच वॉज रिफ्यूज्ड’ अशा ठिकाणी पत्र नाकारलं, प्रत नाकारली की मागणी नाकारली? वाक्य तोडा: ‘हिज रिक्वेस्ट वॉज रिफ्यूज्ड.’

स्पष्टतेच्या नावाखाली नियमाचा अतिरेक होतो तेव्हा काय होतं, याचंही एक उदाहरण आहे. अमेरिकेतल्या शाळकरी मुलांच्या पीएसॅट या परीक्षेत 2002 साली वाक्यातली चूक ओळखण्याचा एक प्रश्न होता. वाक्य लेखिका टोनी मॉरिसन यांच्याविषयी होतं आणि त्याची सुरुवात ‘टोनी मॉरिसन्स जीनियस एनेबल्स हर’ अशी होती. अधिकृत उत्तर होतं, चूक नाही. मेरीलँडमधल्या एका शिक्षकाने हरकत घेतली: ‘टोनी मॉरिसन्स’ हे षष्ठीचं रूप विशेषणासारखं काम करतं, ते नाम म्हणून उभं नाही, मग ‘हर’चं मूळ नाम कोणतं? काही व्याकरण-पुस्तकांत तसा नियम खरोखरच होता. अखेर 2003 मध्ये परीक्षा घेणाऱ्या संस्थेने तो प्रश्न गुणांकनातून काढून टाकला. माझ्या मते हरकत पुस्तकाला धरून होती, पण वाचकाला धरून नव्हती. त्या वाक्यात ‘हर’ म्हणजे कोण याबद्दल कुणालाही शंका येणार नाही; तिथे दुसरी स्त्रीच नाही. उलट ‘नेहाज मदर सेड शी वॉज टायर्ड’ या वाक्यात शंका येते, कारण आई आणि नेहा दोघीही ‘शी’ होऊ शकतात. षष्ठी दोन्हीकडे आहे. अडचण एकाच ठिकाणी आहे, आणि ती उमेदवार दोन झाल्यामुळे आहे.

वचनाच्या बाबतीत सर्वात जास्त वाद ‘एव्हरीवन’ने घातलाय. ‘एव्हरीवन’, ‘ईच’, ‘समबडी’ हे शब्द इंग्रजीत एकवचनी. क्रियापद ‘इज’ लागतं. मग पुढे मालकी दाखवायची झाली तर ‘हिज’, ‘हर’ की ‘देअर’? अठराव्या शतकापासून व्याकरणकारांनी ‘हिज’चा आग्रह धरला. ब्रिटिश संसदेने तर 1850 च्या एका कायद्यात लिहूनच ठेवलं, की कायद्यांतल्या पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश मानावा. पण लोकांच्या तोंडी आणि लेखणीत एका माणसासाठीचा ‘दे’ चौदाव्या शतकापासून होता आणि तो कधीच पुरता गेला नाही. 2019 मध्ये मेरियम-वेबस्टर या शब्दकोशाने ‘दे’ला वर्षाचा शब्द म्हणून निवडलं. त्याच वर्षी आलेल्या, संशोधनपर लिखाणासाठी वापरल्या जाणाऱ्या एपीए शैलीपुस्तिकेच्या सातव्या आवृत्तीने एकवचनी ‘दे’ला स्पष्ट मान्यता दिली. अनेकवचनी सर्वनाम एकासाठी कसं वापरायचं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ‘यू’कडे पाहावं. तोही मुळात अनेकवचनी. म्हणून आजही समोर एकच माणूस असला तरी ‘यू आर’ म्हणतात.

तरी ‘दे’ वापरताना आपला मूळ मुद्दा सुटता कामा नये. ‘इफ अ पेशंट कॉल्स द डॉक्टर्स, दे शुड कीप द रिपोर्ट्स रेडी.’ रिपोर्ट कोणी तयार ठेवायचे, रुग्णाने की डॉक्टरांनी? जवळपास दुसरं अनेकवचनी नाम असेल तर एकवचनी ‘दे’ तिथे नको. अशा वेळी ‘द पेशंट’ पुन्हा लिहावं. दुसरं अनेकवचन आसपास नसेल तर सगळं वाक्यच अनेकवचनी करून टाकणं सोपं पडतं: ‘एव्हरी स्टुडंट’ऐवजी ‘ऑल स्टुडंट्स’, म्हणजे ‘देअर’वर वादच उरत नाही. परीक्षेसाठी लिहीत असाल तर तुमच्या अभ्यासक्रमात काय ग्राह्य धरतात ते मात्र आधी पाहून घ्या. काही ठिकाणी अजून ‘हिज ऑर हर’ची अपेक्षा असते.

बाकीचे नियम थोडक्यात आटोपतात. ‘नायदर... नॉर’मध्ये सर्वनाम जवळच्या नामाशी जुळतं: ‘नायदर द टीचर नॉर द स्टुडंट्स ब्रॉट देअर बुक्स.’ ‘टीम’, ‘कमिटी’ यांना अमेरिकी इंग्रजीत बहुधा ‘इट’ लागतो, ब्रिटिश इंग्रजीत ‘दे’ही चालतो, एका लेखात दोन्ही मिसळू नयेत इतकंच. ‘इट इज रेनिंग’मधल्या ‘इट’चं मूळ नाम शोधत बसू नये, त्याला ते नसतंच; इंग्रजी वाक्याला कर्ता लागतो म्हणून तो येतो. आणि आदरार्थी अनेकवचन इंग्रजीत नेऊ नये. ‘बाबा आले, ते म्हणाले’ हे आपलं. इंग्रजीत वडिलांसाठी ‘दे’ लिहिलं तर अनेक माणसं आल्यासारखं वाटतं. तिथे ‘ही’ लिहिण्यात अनादर नाही.

‘त्याची बहीण’ लिहिताना मात्र क्षणभर थांबायला हवं. आपला शब्द दोन गोष्टी सांगतो: ‘त्या’मधून मालक पुरुष आहे हे, आणि ‘ची’मधून पुढचं नाम स्त्रीलिंगी आहे हे. इंग्रजी फक्त पहिली गोष्ट पाहते. म्हणून रमेशची बहीण ‘हिज सिस्टर’, आणि नेहाचा भाऊ ‘हर ब्रदर’. पुढे बहीण दिसली म्हणून ‘हर’ लिहिण्याची चूक नवशिक्यांकडून होते ती इथेच.

आता हे सगळं एका छोट्या ईमेलवर लावून पाहू. ‘नेहा स्पोक टु स्मिता अबाउट हर रिपोर्ट. शी सेड इट वॉज लेट, विच हॅड अपसेट द मॅनेजर. दिस वुड नॉट हॅपन अगेन. दे विल सेंड इट टुमॉरो.’

प्रत्येक सर्वनामाखाली रेघ ओढायची आणि विचारायचं, कोण? काय? ‘हर रिपोर्ट’: नेहाचा की स्मिताचा, कळत नाही. ‘शी सेड’: दोघींपैकी कुणीही. ‘इट’: रिपोर्ट, हा ठीक आहे. ‘विच’: उशीर हे अर्थावरून लागतं, पण मॅनेजर बोलण्यावर चिडले असंही वाचता येतं. ‘दिस’: उशीर होणं की मॅनेजरांचं चिडणं? ‘दे’: नेहा आणि स्मिता मिळून की आणखी कुणी? शेवटचा ‘इट’ पुन्हा रिपोर्ट, पण मधे इतकं काही येऊन गेलंय की वाचकाला तीन वाक्यं मागे जावं लागतं.

हे पत्र केवळ व्याकरणाच्या बळावर दुरुस्त होत नाही. लिहिणाऱ्याला विचारावं लागतं, रिपोर्ट कुणाचा होता आणि उद्या तो कोण पाठवणार आहे. उत्तर मिळालं, दोन्ही वेळा स्मिता, की मजकूर असा लिहिता येतो: ‘स्मिताज रिपोर्ट वॉज लेट, अँड द डिले हॅड अपसेट द मॅनेजर. नेहा स्पोक टु स्मिता अबाउट द डिले. स्मिता प्रॉमिस्ड दॅट शी वुड मीट एव्हरी डेडलाइन फ्रॉम नाउ ऑन. शी विल सेंड द रिपोर्ट टुमॉरो.’ ‘स्मिता’ तीनदा आली, ‘डिले’ दोनदा आला. ‘शी’ दोनदा राहिला, कारण दोन्ही वेळा स्मिताच कर्ता म्हणून पुढे चालत आली आहे आणि नेहा आधीच्या वाक्यात मागे राहिली आहे. तिसऱ्या वाक्याची सुरुवात ‘शी प्रॉमिस्ड’ अशी केली असती, तर पुन्हा नेहाचं नाव आड आलं असतं.